दहा ओलांडताना : अकरा ते एकोणीसच्या बेरीज-वजाबाकीविषयी वाचकांचे प्रश्न

पहिली-दुसरीच्या मुलांचं गणित दहापर्यंत सुरळीत चालतं आणि अकराला अडतं, अशा आशयाची पत्रं या वेळी मुंबईच्या निरनिराळ्या भागांतून आली. त्यातले काही प्रश्न निवडून इथे उत्तरं दिली आहेत. वाचताना जवळ आइस्क्रीमच्या काड्या, रबरबँड आणि मूठभर चिंचोके असू द्या. यातल्या बहुतेक गोष्टी हाताने करून पाहिल्याशिवाय नीट कळत नाहीत.

मुलगी पहिलीत आहे. एक ते वीस घडाघडा म्हणते, पण ‘तेरा लिही’ म्हटलं की ३१ लिहिते आणि ‘सतरा’ला ७१. रोज दहा-दहा वेळा लिहून घेते, तरी फरक नाही. – एक आई, विक्रोळी

ती ऐकते त्याच क्रमाने लिहिते आहे. तेरा, चौदा, सतरा, अठरा या शब्दांत सुटे आधी ऐकू येतात आणि दहाचा भाग मागून येतो, तोही झिजून ‘रा’ किंवा ‘दा’ एवढाच उरलेला. एकोणीस तर दहाशी नातंच सांगत नाही, विसातून एक कमी असं सांगतो. त्यामुळे काही मुलं त्यात ‘वीस’ ऐकतात आणि २९ लिहितात. चिनी किंवा जपानी मूल तेराला ‘दहा-तीन’ असंच म्हणतं, म्हणून त्याची इथे अडचण होत नाही. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं संख्यावाचन आलं आणि त्यावर मोठा वाद झाला, तो हाच अडथळा दूर करण्याच्या प्रयत्नातून. पण अकरा ते वीसची नावं तिथेही जुनीच राहिली.

दहा वेळा लिहून आकड्याचं वळण पक्कं होतं. त्या आकड्यात किती वस्तू आहेत हे त्यातून कळत नाही, म्हणून तो सराव थांबवा. त्याऐवजी तेरा सुट्या काड्या तिच्यासमोर ठेवा. दहा मोजून तिनेच रबरबँड लावायचा. गठ्ठा डावीकडे, तीन सुट्या काड्या उजवीकडे. तुम्ही तिच्या शेजारी बसा, समोर नको. समोर बसलात तर तुमची डावी बाजू तिची उजवी होते आणि जो क्रम शिकवायचा तोच उलटतो. मग गठ्ठ्यावर हात ठेवून ‘दहा’, काड्यांवर हात ठेवून ‘आणि तीन’, शेवटी दोन्ही मिळून ‘तेरा’. नाव बदलायचं नाही, पण नावाआधी ‘दहा आणि…’ हे म्हणायचंच.

लिहिण्यासाठी कार्डं करा. १० चं कार्ड आठ सेंटिमीटर रुंद, १ ते ९ ची कार्डं चार सेंटिमीटर रुंद, उंची सगळ्यांची सारखी. ३ चं कार्ड १० मधल्या शून्यावर बसवलं की १३ दिसतात आणि उचललं की खालचा शून्य दिसतो. १३ मधला १ म्हणजे दहा आहेत, हे मुलाला डोळ्यांनी दाखवणारं याहून सोपं साधन नाही. काही मुलं चौदाला १०४ लिहितात, त्यांनाही हीच कार्डं उपयोगी पडतात.

सगळ्या संख्या ओळीने घेऊ नका. सतरा, अठरा, चौदा, तेरा आधी, कारण त्यांत सात, आठ, चार, तीन थोडेतरी ऐकू येतात. मग पंधरा आणि सोळा, त्यानंतर अकरा आणि बारा. एकोणीस सगळ्यात शेवटी.

बेरजेकडे वळण्याआधी एक चाचणी घ्या. १४ काड्या ठेवा, तिला १४ लिहू द्या. ४ भोवती गोल करून ‘एवढ्या काड्या दाखव’ म्हणा, ती चार दाखवेल. मग १ भोवती गोल करा. पुष्कळ मुलं इथे एकच काडी उचलतात. तिनेही तसंच केलं तर गठ्ठ्यांचं काम अजून आठवडाभर चालू ठेवा. त्या १ ला एकच समजणाऱ्या मुलाकडून पुढची गणितं पाठ करून घेता येतील, पण ती फार टिकणार नाहीत.

मुलगा ८ + ५ करताना आठ बोटं उघडतो आणि ‘आता पाच कुठून आणू?’ विचारतो. कधी उत्तर १३ येतं, कधी १२. बोटं मोजणं बंद करावं का? – एक वडील, लालबाग

बंद करू नका. बोटं हिरावून घेतली की मूल मांडीखाली लपवून मोजतं किंवा अंदाजाने उत्तर देतं, आणि मग तुम्हाला त्याची रीत दिसतही नाही.

तो सध्या दोन्ही संख्या एकपासून मोजतो. पुढची पायरी म्हणजे आठाच्या पुढे मोजणं: आठ डोक्यात, पाच बोटांवर. १२ हे उत्तर नेमकं इथेच चुकतं. पहिलं बोट उघडताना तो ‘आठ’ म्हणतो, मग नऊ, दहा, अकरा, बारा. बोटं पाच झाली आणि तो थांबला. उपाय साधा आहे. मूठ बंद ठेवून, दुसरा हात कपाळाला लावून ‘आठ’ म्हणायचं, आणि मूठ उघडायला सुरुवात ‘नऊ’लाच करायची. वजाबाकीतही हेच होतं: १३ − ४ साठी चार बोटांवर ‘तेरा, बारा, अकरा, दहा’ म्हणून मूल १० लिहितं. तिथेही पहिलं बोट ‘बारा’ला.

उत्तर नेहमी एकानेच चुकत असेल तर त्याला गणित येतं, सुरुवात चुकते आहे असं समजा. उत्तर दोन-तीनने इकडेतिकडे होत असेल तर मधेच मोजणी सुटते आहे. तेव्हा पाच बोटं आधी उघडून ठेवायची आणि एकेक मिटत मोजायचं, म्हणजे किती उरली ते समोर दिसतं.

३ + ९ सारख्या गणितात मोठ्या संख्येपासून सुरुवात करायची, हेही सांगा. मुलं आपणहून ते करतीलच असं नाही.

सापशिडी खेळत असाल तर सोंगटी १२ वर असताना चार पडले की ‘एक, दोन, तीन, चार’ न म्हणता ‘तेरा, चौदा, पंधरा, सोळा’ म्हणत घरं चाला. एवढ्याने खेळातच पुढे मोजण्याचा सराव होतो. मात्र सापशिडीचा पट दर ओळीला दिशा बदलतो, ११ हा १० च्या डोक्यावर बसतो, आणि सहा वर्षांच्या मुलाला त्याचा गोंधळ होतो. सुरुवातीला घरातल्या लाद्यांवर खडूने १ ते २० सरळ ओळीत लिहा आणि उड्या मारू द्या. सरळ रेषेतल्या आकड्यांच्या पटावर खेळल्याने लहान मुलांची संख्यांची समज सुधारते, असं रॉबर्ट सीग्लर आणि गीता रमाणी यांच्या २००८ सालच्या अभ्यासात दिसलं होतं. उड्या मोजताना उभं असलेलं घर धरायचं नाही, उडी मोजायची.

बोटं सुटतात ती त्याहून जलद वाट सापडल्यावर. ती वाट पुढच्या उत्तरात आहे.

महापालिकेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते, वर्गात ४० मुलं. ‘आधी दहा पूर्ण करा’ ही रीत फळ्यावर सगळ्यांना कळते, वहीत कोणालाच आठवत नाही. क्रम काय ठेवावा? साहित्याला पैसे नाहीत. – एक शिक्षिका, मानखुर्द

८ + ५ ही एक पायरी दिसते, पण तिच्यात तीन पायऱ्या आहेत. आठाला दहा व्हायला किती हवेत? दोन. पाचातले दोन दिले तर किती उरले? तीन. दहा आणि तीन किती? तेरा. फळ्यावर तुम्ही मधली पायरी मुलांसाठी करून देता, पाचाखाली २ आणि ३ लिहिता, म्हणून सगळं कळल्यासारखं वाटतं. वहीत ती मुलाला एकट्याने करायची असते.

आधी तिन्ही पायऱ्या वेगवेगळ्या तोंडी तपासा. ‘सातला दहा व्हायला किती?’ याचं उत्तर बोटं न मोजता तीन सेकंदांच्या आत यायला हवं. दहाच्या जोड्या पाचच आहेत: ९ आणि १, ८ आणि २, ७ आणि ३, ६ आणि ४, ५ आणि ५. त्या उलटसुलट पक्क्या व्हाव्यात. संख्या फोडणं मात्र आपल्याकडे फार दुर्लक्षित राहतं. सहा चिंचोके मुठीत दाखवायचे, दोन बाहेर काढायचे, ‘मुठीत किती?’ विचारायचं. हा खेळ ३ ते ९ या प्रत्येक संख्येचा, रोज पाच मिनिटं. ज्या मुलाची ही पायरी कच्ची आहे त्याला दहा पूर्ण करण्याची रीत शिकवण्यात सध्या अर्थ नाही, त्याला पुढे मोजू द्या.

साहित्यासाठी दहा घरांची चौकट हवी: पाच-पाच घरांच्या दोन ओळी. अंड्यांचा ३० चा कागदी ट्रे सहा ओळी आणि पाच रकान्यांचा असतो. दोन-दोन ओळींवर कापला की तीन चौकटी मिळतात. मुलं जोडीने बसवलीत तर २० जोड्या, प्रत्येकीला दोन चौकटी, म्हणजे ४० चौकटी. १४ ट्रे पुरतात. अंडी विकणारे वापरलेले ट्रे सहसा देतात, फक्त नीट उन्हात वाळवून घ्या आणि डाग पडलेले टाकून द्या. ट्रे नको असतील तर जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर पाच सेंटिमीटरची घरं आखा. भरायला बाटल्यांची झाकणं, दोन रंगांची, प्रत्येक जोडीला दहा-दहा.

भरण्याचा नियम एकच आणि तो मोडायचा नाही: वरची ओळ डावीकडून पूर्ण, मगच खालची. तसं केलं की आठ म्हणजे वर पाच, खाली तीन आणि दोन घरं रिकामी हे न मोजता दिसतं. ती दोन रिकामी घरंच मुलाला पुढे काय करायचं ते सांगतात. एका चौकटीत आठ लाल, दुसरीत पाच पिवळी झाकणं. पिवळ्यांतली दोन उचलून पहिलीतली रिकामी घरं भरायची. एक चौकट पूर्ण, दुसरीत तीन. रंग वेगळे असल्यामुळे आठ आणि पाच कुठे गेले तेही दिसत राहतं. आठवडाभर हे झालं की झाकणं काढा, रिकाम्या चौकटीकडे बघून ‘किती सरकवशील?’ विचारा. त्यानंतर चौकटही झाका. वही त्याच्याही नंतर.

वहीत लिहिताना एक चूक मोठ्यांकडूनच होते: ८ + ५ = ८ + २ = १० + ३ = १३ अशी सलग ओळ. आठ अधिक पाच हे आठ अधिक दोन इतके नाहीत. बरोबरच्या चिन्हाचा असा वापर रुजला की मूल त्याचा अर्थ ‘आता उत्तर लिही’ एवढाच धरतं आणि पुढच्या इयत्तांत समीकरणं आल्यावर अडतं. त्यापेक्षा ५ खाली दोन फांद्या काढून २ आणि ३ लिहू द्या, आणि शेजारी ८ + ५ = १३ एवढंच.

आता क्रम. एक ते नऊमधल्या दोन संख्यांची बेरीज दहाच्या पुढे जाते अशा वेगवेगळ्या जोड्या फक्त २० आहेत (८ + ५ आणि ५ + ८ एकच धरल्या तर). त्यातल्या आठ जोड्यांत ९ आहे: ९ + २ पासून ९ + ९ पर्यंत. या आधी घ्या, कारण दुसऱ्या संख्येतला एकच सरकवायचा असतो: ९ + ७, एक गेला, सोळा. मग ८ च्या उरलेल्या सहा, ८ + ३ पासून ८ + ८. मग ७ च्या चार: ७ + ४, ७ + ५, ७ + ६, ७ + ७. शेवटी दोनच उरतात, ६ + ५ आणि ६ + ६. आठ, सहा, चार, दोन. भिंतीवर वीस चौकोनांचा तक्ता लावून वर्गाने पक्की केलेली जोडी रंगवत गेलात तर काम संपण्यासारखं आहे हे मुलांना दिसतं. पाढ्यांसारखी न संपणारी यादी पुढे आहे असं वाटलं की सात वर्षांचं मूल हिंमत सोडतं.

६ + ६, ७ + ७, ८ + ८, ९ + ९ या दुपटी पाठच होऊ द्या. त्यांच्या आधाराने ६ + ७, ७ + ८ आणि ८ + ९ एक वाढवून मिळतात. काही मुलांना ७ + ८ साठी दहा पूर्ण करण्यापेक्षा ‘चौदा आणि एक’ सोपं जातं. त्यांना तसंच करू द्या.

१३ + ४ सारख्या, दहाला धक्का न लावणाऱ्या बेरजा याआधी झालेल्या असाव्यात. तीन आणि चार सात, दहा जागेवर, सतरा. इथे ५३ उत्तर आलं तर उभ्या मांडणीत ४ हा १ खाली लिहिला गेला आहे, आणि ८ आलं तर मुलाने १, ३ आणि ४ असे सगळे आकडे मिळवले आहेत. दोन्ही चुका उभ्या मांडणीच्या घाईतून येतात. विसाच्या आत सगळं आडवंच लिहू द्या.

रोज दहा मिनिटं तोंडी आणि वहीत आठ गणितं, चाळीस नकोत. लहान मुलांचं वाचन आणि गणित पक्कं करण्यासाठी केंद्र सरकारने २०२१ साली सुरू केलेल्या निपुण भारत अभियानात पहिलीच्या अखेरीस ९९ पर्यंतच्या संख्या आणि साध्या बेरीज-वजाबाक्या अपेक्षित आहेत, त्यामुळे नव्याण्णवकडे धावण्याचा दबाव वर्गावर असतो हे आम्ही जाणतो. तरीही विसाच्या आत जास्त थांबा. २८ + ५ मध्ये मुलाला करायचं असतं ते ८ + ५ च. इथे पक्कं झालेलं मूल पुढे भराभर जातं.

नातू १३ − ५ चं उत्तर १२ लिहितो. ‘३ मधून ५ जात नाहीत, शेजारून एक उसना घे’ असं शिकवलं. उसना घेतो आणि पुन्हा बोटांवर मोजत बसतो. – एक आजी, गिरगाव

आजी, १२ कुठून आले ते आधी पाहू. उभ्या मांडणीत त्याने ३ आणि ५ पाहिले, लहान मोठ्यातून काढला, २ आले आणि शेजारचा १ तसाच उतरवला. ‘नेहमी मोठ्यातून लहान वजा करायचं’ हे वाक्य त्याने कुठेतरी ऐकलेलं असणार, आणि तो ते आकड्याआकड्याला लावतो.

आता उसन्याकडे. १३ मधल्या दशकाचा १ खोडून तो ३ शेजारी लिहिला की वर काय होतं? १३. खाली ५. म्हणजे उसना घेऊनही त्याच्यासमोर पुन्हा १३ − ५ च येतं. मुलाला दोष देण्यासारखं इथे काही नाही. ४३ − ५ ला उसना उपयोगी आहे, कारण तिथे अवघड गणित लहान होतं. अकरा ते अठरामधून वजाबाकी करताना तो एक फेरी मारून जिथल्या तिथे आणतो. म्हणून या टप्प्यावर उसना बाजूला ठेवा.

घरात दहाची नोट आणि रुपयाची नाणी असतीलच. नातवाकडे दहाची एक नोट आणि तीन नाणी द्या. तुम्ही दुकानदार, पाच रुपयांची पेन्सिल. सुट्या तीन नाण्यांत पेन्सिल येत नाही, म्हणून तो नोट देतो, तुम्ही पाच रुपये परत करता. हातात तीन होतेच, पाच आले, आठ झाले. ही दहातून काढण्याची रीत. यात वजाबाकी दहातूनच होते, आणि ती दहाच्या जोड्यांमुळे आधीच पाठ आहे. उरलेलं काम बेरजेचं. १३ − ८: दहातून आठ गेले दोन, दोन आणि तीन पाच. १५ − ७: तीन आणि पाच आठ. पहिल्यांदा हीच एक रीत पक्की करा.

त्यानंतर दुसरी, टप्प्याने उतरण्याची: १३ − ४ मध्ये आधी तीन काढून दहावर यायचं, मग उरलेला एक काढायचा, नऊ. वजा करायची संख्या सुट्यांपेक्षा जेमतेम मोठी असते तिथे ही सोपी: १२ − ३, १४ − ५, १५ − ६. तिसरी वर चढण्याची: १२ − ९ साठी नऊपासून दहा एक, दहापासून बारा दोन, मिळून तीन. दोन्ही संख्या जवळजवळ असल्या की ही सगळ्यात जलद. तिन्ही एकाच आठवड्यात दाखवल्या तर त्यांची सरमिसळ होते. मूल अर्धी एक रीत आणि अर्धी दुसरी वापरतं, १३ − ५ मध्ये तीन काढून दहावर येतं आणि मग दोनऐवजी पुन्हा पाच काढतं.

चुकांचं मूळ पुष्कळदा वजाबाकीच्या आधीच असतं: दहा सुटा करावा लागणार का, हे मूल पाहतच नाही. वीस-पंचवीस कागदी चिठ्ठ्यांवर १७ − ४, १३ − ५, १६ − ६, १२ − ७ अशी मिश्र गणितं लिहा. नातवाने उत्तर काढायचं नाही. फक्त दोन ढीग करायचे: सुट्यांतून भागतं ते इकडे, नोट मोडावी लागते ते तिकडे. चार-पाच दिवस हा खेळ झाला की १२ लिहिण्याची चूक बहुतेक थांबते. १६ − ६ ला १ असं उत्तर आलं तर शून्य हरवलं आहे. गठ्ठा दाखवून ‘हा कुठे गेला?’ एवढं विचारा.

बेरजेशी जोडायला त्रिकोणी कार्डं चांगली. वरच्या कोपऱ्यात १३, खाली ८ आणि ५. तुम्ही एक कोपरा अंगठ्याने झाकायचा, त्याने झाकलेली संख्या सांगायची. दहा मोडावा लागतो अशा वजाबाक्या ३६ आहेत, पण वीस बेरजा येणाऱ्या मुलाला त्या वेगळ्या पाठ कराव्या लागत नाहीत.

मुलगी इंग्रजी माध्यमात, घरी आजी-आजोबा मराठीत मोजून घेतात. ती थर्टीन आणि थर्टी यांत गोंधळते, आणि आजीने ‘एकोणीस’ म्हटलं की रडवेली होते. मराठी थांबवू का? – एक आई, बोरिवली

मराठी थांबवू नका. थर्टीन-थर्टी, फोर्टीन-फोर्टी यांतला फरक शेवटच्या ध्वनीवर आहे आणि वर्गाच्या गोंगाटात तो हरवतो. ‘टीन’ म्हणताना गठ्ठा एक आणि काड्या सुट्या, ‘टी’ म्हणताना नुसते गठ्ठे: तीन काड्या आणि एक गठ्ठा एकदा, तीन गठ्ठे एकदा, अशी जोडीने दोन्ही समोर ठेवून नावं घ्या. इंग्रजीतही सुटे आधी आणि दहा नंतर येतात, त्यामुळे ३१ ची चूक तिथेही होते. ती मराठीमुळे होत नाही.

विचाराची भाषा मात्र एका वेळी एक ठेवा. गणित सुटेपर्यंत सगळ्या पायऱ्या ज्या भाषेत ती आरामात बोलते त्या भाषेत, आणि उत्तर आल्यावर दुसऱ्या भाषेतलं नाव. ‘आठाला दोन हवेत, उरले तीन, दहा आणि तीन तेरा. थर्टीन.’ एकोणीससाठी आजीने नाव घेताना एक गठ्ठा आणि नऊ काड्या समोर ठेवाव्यात, आणि विसाला एकच काडी कमी आहे हे रिकाम्या जागेवर बोट ठेवून दाखवावं.

सहा वर्षांच्या मुलाला अॅबॅकसच्या क्लासला घालावं का? – एक वाचक, मुलुंड

अजून नको. त्या क्लासात पाचच्या आणि दहाच्या जोड्या ‘मित्र’ म्हणून शिकवतात आणि मणी सरकवण्याचे नियम त्यांवर चालतात. जोड्या आधी समजलेल्या असतील तर मुलाला त्यात गंमत वाटते. समजलेल्या नसतील तर बोटं नियमाने हलतात आणि तेरात दहा आहेत हे तरीही कळत नाही. सहा महिने काड्या आणि चौकट वापरा, मग ठरवा.

मुलगा तिसरीत गेला तरी ७ + ६ साठी एकपासून मोजतो, आणि काल आलेलं आज येत नाही. कोणाला दाखवावं? – एक आई, चेंबूर

आधी नजर आणि कान तपासून घ्या. दोन्हीतली उणीव वर्गात गणिताच्या कच्चेपणासारखीच दिसते. मग वरच्या क्रमाने, अगदी दहाच्या जोड्यांपासून, रोज पंधरा मिनिटं दोन-तीन महिने काम करा आणि काय आलं, काय विसरलं याची तारखेनिशी नोंद ठेवा. एवढं करूनही तीन-चार वस्तू बघताच किती ते सांगता येत नसेल, ८ मोठे की ६ याला वेळ लागत असेल, घड्याळ आणि पैसे यांतही गोंधळ असेल, तर तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या. विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यात सतत येणाऱ्या अडचणीचा, समावेश २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात यासाठी स्वतंत्र विभाग आहे. तुमची नोंदवही सोबत न्या, तपासणाऱ्याला तिचा मोठा उपयोग होतो. तोवर मुलाला ‘लक्ष देत नाहीस’ असं म्हणू नका. तो सगळ्यांपेक्षा जास्त कष्ट करून मोजतो आहे.

तोंडी गणितं येतात, पण शाब्दिक उदाहरण दिलं की ‘मिळवू की वजा करू?’ असंच विचारतो. येताजाता काय करून घ्यावं? – एक वडील, अंधेरी

बहुतेक घरांत आणि वर्गांत दोनच प्रकारची उदाहरणं होतात: ‘इतके होते, इतके आले’ आणि ‘इतके होते, इतके गेले’. मग मूल ‘जास्त’ दिसलं की मिळवतं आणि ‘कमी’ दिसलं की वजा करतं. ‘माझ्याकडे १२ चिंचोके आहेत, ते तुझ्यापेक्षा ५ ने जास्त आहेत, तुझ्याकडे किती?’ असं विचारून पाहा. उत्तर १७ आलं तर मुलगा गोष्ट ऐकत नाही, शब्द शोधतो आहे. शब्दांवरून खुणा पाठ करून घेणं सोडा. चिंचोके मांडून दोघांच्या ओळी एकाखाली एक लावा, आणि ‘कोणाकडे जास्त?’ हा प्रश्न आकडेमोडीच्या आधी विचारा.

तुलनेच्या उदाहरणांसाठी लोकल चांगली. फलाटावरच्या इंडिकेटरवर गाडी बारा डब्यांची की पंधरा डब्यांची ते दिसतं. ‘पंधरा डब्यांच्या गाडीला किती डबे जास्त?’ इथे काही येत नाही आणि काही जात नाही, तरी वजाबाकी आहे. ‘बारा डब्यांपैकी नऊ आपल्यासमोरून गेले, किती यायचे राहिले?’ ही वर चढण्याची रीत. ‘आठ गेले, अजून काही गेले, आता तेरा झाले, मधे किती गेले?’ हा मधली संख्या शोधण्याचा प्रकार पहिलीच्या मुलाला सगळ्यात अवघड जातो, म्हणून तो शेवटी. गाडी फलाटात शिरताना मात्र नको. उभ्या गाडीचे डबे मोजा, फलाटाच्या कडेपासून लांब उभं राहून.

बसचे क्रमांक अशा उदाहरणांत वापरू नका. तो आकडा मार्गाचं नाव आहे, त्यात मिळवण्या-वजा करण्यासारखं काही नाही, आणि या वयात तो फरक लवकर पुसट होतो.

उंच इमारतीत राहत असाल तर लिफ्ट सरावाला उत्तम: ‘आपण नवव्यावर, चौदाव्यावर जायचं, किती मजले चढायचे?’ नऊ ते दहा एक, दहा ते चौदा चार. पण आधी लिफ्टमधली बटणं एकदा स्वतः बघून घ्या. काही इमारतींत तेराव्या मजल्याचं बटणच नसतं, बाराव्यानंतर थेट चौदावा येतो, आणि मग मुलाचं मोजणं बरोबर असूनही उत्तर जुळत नाही.